जानराव हवालदाराला धडा

१ फेब्रुवारी, शनिवार
उद्या अकोल्याला मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे पुण्या-मुंबईचा साखरपुडा. रिव्हॉल्व्हर नेणार. लायसन्सचं आहे, चोरीचं नाही. रूपाली म्हणाली, साक्षगंधात कोणाले मारता? बायकोला सिक्युरिटी कळत नाही. ही वस्तू कमरेला आल्यापासून तिवशात लोक मला साहेब म्हणतात. आधी खताच्या दुकानामुळे युरियावाले म्हणायचे. लायसन्स गेलं तर मी परत युरियावाला. हे मी जिवंतपणी होऊ देणार नाही.

मोबाईलवर अमेरिकेचा व्हिडिओ पाहिला. पोलिसाने गाडी थांबवली तर शस्त्रवाल्या सभ्य माणसाने काय करावं? दोन्ही हात स्टिअरिंगवर. अजिबात हलायचं नाही. शांतपणे सांगायचं. आरशासमोर चारदा प्रॅक्टिस केली. उत्तम जमलं.

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
अपमान. जाहीर अपमान. सगळं क्रमाने लिहितो, पुढे लागेल.

मूर्तिजापूरच्या थोडं अलीकडे नाकाबंदी. हवालदाराने हात केला. बाकीचे त्याला जानरावभाऊ म्हणत होते. मी हात स्टिअरिंगवर ठेवले. तो म्हणाला, काच खाली करा. हात हलवायचे नाहीत हा नियम, म्हणून मी हललो नाही. तो काचेवर टकटक करत राहिला, मी समोर पाहत राहिलो. शेवटी रूपालीने तिच्या बाजूची काच उतरवून सांगितलं, त्यायले ऐकू येते, फक्त हलून नाही राहिले. जानराव म्हणाला, काका, पेले काय? मग नळीत फुंकायला लावलं. मी एकोणपन्नास वर्षांचा. त्याच्या मिशा पांढऱ्या. काका!

फुंकून झाल्यावर ठरल्याप्रमाणे सांगितलं, माझ्याजवळ शस्त्र आहे. जरा जोरात निघालं. दोघं शिपाई मागे पळाले, त्यातला एक नालीत गेला. मला उतरवलं. रिव्हॉल्व्हर पोटाखाली अडकलेलं, पट्टा सोडल्याशिवाय निघेना. मागे थांबलेल्या एसटीच्या सगळ्या खिडक्यांसमोर मी एका हाताने पॅन्ट धरून उभा.

जानरावने लायसन्स उलटून पालटून पाहिलं. गाव कोणतं? जिल्हा कोणता? जिल्हा दोनदा विचारला. इतकं सामान्यज्ञान कच्चं! मग शिपायांकडे पाठ करून हळूच म्हणाला, काका, हे घेऊन पुढं नोका जाऊ. वापस घरी जा, कपाटात ठेवा, मंग या. कोणापाशी बोलू नोका. आणि सोडलं. सॅल्यूट नाही, सॉरी नाही.

घाबरला होता, उघड आहे. पण साक्षगंध बुडालं. जानरावला मी सोडणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तक्रार अर्ज तयार. अडीच पानं. 'मी अकोला जिल्ह्याच्या हद्दीत परवानाधारक शस्त्रासह सज्ज असताना...' काय वाक्य आहे! त्याखाली लाल रेघ. सोबत टोलची पावती आणि नाकाबंदीपाशी गाडीतून काढलेला फोटो, लोकेशनसह. मागणी: निलंबन. अगदीच नसेल जमत तर लांबची बदली.

रूपाली म्हणाली, त्यानं सोडलं ना तुमाले, मंग काहून खाजवून राहिले? सोडलं! मी काय शेळी आहे सोडायला?

५ फेब्रुवारी
अर्ज वकील ताहेरभाईंना दाखवणार होतो. ते कोर्टात होते. थांबणं माझ्या स्वभावात नाही. स्पीड पोस्टने तीन ठिकाणी पाठवला.

११ फेब्रुवारी
उत्तर नाही. उपोषणाचा विचार. शुगर आहे, म्हणून साखळी उपोषण करू. माणसं मिळाली की पहिली पाळी त्यांची.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात जानराव माफी मागत होता आणि मी देत नव्हतो. उठल्यावर फार बरं वाटलं.

२० फेब्रुवारी
चौकशीचं पत्र आलं! सोमवारी मूर्तिजापुरात हजर व्हायचं, 'शस्त्र व मूळ परवान्यासह'. बहुतेक प्रात्यक्षिक मागतील. पट्टा एक भोक सैल करून ठेवला.

ताहेरभाईंना फोनवर अर्ज वाचून दाखवला. त्यांनी लाल रेघेचं वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाले, सूर्यभानभाऊ, लायसन्सवर एरिया काय लिवला हाय? वाचलं. फक्त अमरावती जिल्हा. म्हणाले, त्याच्या बाहेर नेलं का गुन्हा, अन् मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात येते, तुमी सोताच्या हातानं लिहून देल्लं. थो हवालदार तुमाले वाचवून राहिला होता. आता तरी म्हना का जागा लिहिण्यात चुकली.

वकील लोक घाबरट. आणि जानराव मला का वाचवेल? मी त्याचा कोण?

२४ फेब्रुवारी, सोमवार
चौकशीच्या साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला. लाल रेघेवर थांबले. विचारलं, सही तुमचीच? मग जानरावला विचारलं, याला सोडलं कसं? तो टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, साहेब, काकायची जागा लिहिण्यात चूक झाली असन. गाडी हद्दीच्या अलीकडंच उभी होती.

मी फक्त 'हो साहेब' म्हणायचं होतं. ताहेरभाईंनी हेच पढवलं होतं. पण माझ्यासमोर हा माणूस धडधडीत खोटं बोलतो आणि सुटतो, हे सहन होईना. मी उठलो. म्हणालो, साहेब, हा खोटं बोलून राहिला. फोटो पाहा. लोकेशन पाहा.

साहेबांनी पाहिलं.

रिव्हॉल्व्हर कापडी पिशवीत गेलं, वर लाखेचं सील. लायसन्स रद्द करण्यासाठी अमरावतीला लिहिणार. माझ्यावर केस होणार. जानराव निलंबित, मला सोडल्याबद्दल आणि साहेबांपुढे खोटं बोलल्याबद्दल. म्हणजे माझी मागणी शंभर टक्के मंजूर.

२५ फेब्रुवारी
काल एवढं लिहून वही मिटली होती. राहिलेलं आज लिहितो.

बाहेर पडताना माझी पायरी चुकली. जानरावने दंड धरला आणि गाडीपर्यंत आणलं. त्याने शिवी दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं. दिली नाही. दार उघडून बसवलं, गाडीत थांबलेल्या रूपालीला म्हणाला, ताई, यायले पानी पाजा.

रूपाली तिवशापर्यंत रडत होती. मला वाटलं लायसन्ससाठी. म्हणाली, त्या मानसासाठी.

दुकानात सांगितलं, रिव्हॉल्व्हर सर्व्हिसिंगला दिलं आहे. जानरावची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. चूक माझी होती. हे फक्त इथे लिहितो, दुसरं कोणी वाचणार नाही.