आक्का, तो लाल डबा खाऊ नकोस

ती. जनाआक्कास,

धाकट्या कोंडाजीचा, कमरेचा पट्टा परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात, सुरभी वेळेवर जेवायला वाढते का (वाढत असणार, तूच वेळेवर बसत नसशील), कळंबच्या त्या नव्या रिसॉर्टवाल्यांचे कर्णे शनिवारी अजून वाजतात का, हे सगळं सविस्तर कळव. पण त्याआधी एक काम कर. पंधरा दिवसांपूर्वी टेंपोवाल्या प्रीतमबरोबर मी जो लाल डबा पाठवला, त्यातली पावडर खाऊ नकोस. एक चमचाही नाही, चिमूटभरही नाही. मी सोमवारी सुरभीला फोन करून डबा माळ्यावर टाकायला सांगितला होता. काल तिचाच उलट फोन आला, की आईंनी शिडी लावून डबा खाली काढला, आणि वर म्हणाल्या, "भावानं येवढ्या मायेनं धाडलाय, तू कोण गं ठेवणारी?" आक्का, एकाहत्तराव्या वर्षी शिडी! सून चांगली मिळाली म्हणून तू इतकी माजलीस. छातीत धरलं की जिभेखाली ठेवायची ती बारकी गोळी तू पदराला बांधून फिरतेस ना? ती गोळी आणि ही पावडर पोटात एकत्र आली की माणूस आडवा होतो. मी तर तुझी ती गोळी न घेताच आडवा झालो. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि माझी अब्रू सगळी आळी ऐकते. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. एकटीने वाच.

मुळात हे सगळं गेल्या वर्षीच्या माथेरानामुळे झालं. दसरा झाला की आपण दोघं जुन्या पायवाटेने वर जातो, हा आपला नेम. गेल्या वर्षी मी अर्ध्या वाटेत बसलो. बूट चावतोय असं तुला सांगितलं होतं. बूट चावत नव्हता, दमच पुरत नव्हता. तू पुढून परत आलीस, माझी पिशवी उचललीस आणि वर चालायला लागलीस. मागून येणाऱ्या दोन मुंबईकर मुलींनी ते पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा बाप्या रिकाम्या हाताने आणि म्हातारी बहीण पिशवी घेऊन पुढे! (त्यातल्या एकीने मला पाण्याची बाटली देऊ केली. मी घेतली, हे आणखी वाईट.) त्या दिवशी मी ठरवलं, की पुढच्या वर्षी आक्काची पिशवी माझ्या खांद्यावर असेल.

आता दम आणायचा कुठून? कर्जतला स्टेशनाजवळ अक्षय नावाच्या पोराने व्यायामशाळा काढली आहे आणि खाली पावडरींचं दुकान. पोरगा असा फुगलेला आहे की शर्टाची दया येते. त्याने मला बसवून समजावलं. म्हणे आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीत एक वायू तयार होतो, नायट्रिक ऑक्साइड. तो आला की नसा सैल होतात, रक्त मोकळं वाहतं, स्नायूंना दाणापाणी पोचतं, दम टिकतो. वय झालं की तो कमी होतो. या डब्यात बीट आहे आणि आणखी दोन-तीन लांबलचक नावांची द्रव्यं, त्यांनी तो वाढतो. ऐकताना मला आमच्या खोपोलीच्या पेपर मिलमधला वाफेचा व्हॉल्व्ह दिसायला लागला. तीस वर्षं मी तोच तर सैल-घट्ट करत होतो. शेवटी त्याने विचारलं, "काका, बीपीबिपीची गोळी चालू हाय का?" आजूबाजूला चार पोरं वजनं घेऊन उभी. मी छाती काढून म्हणालो, "आमी डोंगराची माणसं, आमाला कसली गोळी?" गोळीचं पाकीट तेव्हा माझ्या खिशातच होतं. दोन डबे घेतले, एक मला, एक तुला. दोघांची चढण सारखी, तर खुराकही सारखा नको?

पुढची चूक माझी नाही, आपल्या सगळ्या ओझेवाल्यांची आहे. आठवतं ना, लहानपणी माथेरानच्या पायथ्याच्या वडाखाली भाजीचे भारे उचलायच्या आधी सगळे गूळ-शेंगदाण्याची एकेक मूठ खायचे? आणि ज्याला दुसऱ्याचंही ओझं घ्यायचं असेल त्याला दोन मुठी, असा रिवाज होता. कुणी हिशेब विचारायचं नाही, दोन मुठी घेतल्या की समजायचं. डब्यावर लिहिलं होतं एक चमचा. पण मला तर तुझी पिशवी घ्यायची होती. म्हणून रोज सकाळी दोन चमचे, आणि लगोलग बीपीची गोळी. चव अशी की बीट चिखलासकट दळलंय. ती जावी म्हणून वर त्या निळ्या औषधी पाण्याने खळखळून गुळण्या.

पहिल्या दोन दिवसांत कान गरम झाले, डोकं ठणकलं, पोटात गुडगुडलं. मला वाटलं, लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी मोरीतून मी अशी हाक मारली की तुझी भावजय बायजा पिठाच्या हातांनी धावत आली. लघवी लालभडक! मी म्हणालो, संपलं, जमिनीचे कागद ट्रंकेत आहेत. बायजाने माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बीट खाल्ल्यावर दुसरा कंचा रंग येनार? हिरवा?" आणि परत पीठ मळायला गेली. (एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने एकदाही मला नीट घाबरू दिलेलं नाही.)

आठव्या दिवशी खोपोलीला मिलमधल्या जगदीशच्या मुलीचा साखरपुडा. हॉलमध्ये उकाडा, मी तासभर खुर्चीत बसलेला. नाव पुकारल्यावर आशीर्वाद द्यायला ताडकन उठलो, चार पावलं झपझप चाललो, स्टेजची पायरी चढलो, आणि पुढचं मला लोकांकडून कळलं. मी नवरानवरीच्या मधल्या जागेत सोफ्यावर आडवा झालो. डोकं नवऱ्याच्या मांडीवर, पाय नवरीच्या शालूवर. फोटोग्राफरला वाटलं ही काहीतरी घरगुती पद्धत आहे, त्याने सात फोटो काढले. जगदीश म्हणतो, एक फार सुंदर आलाय.

तिथून उचलून कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बीपीचा वरचा आकडा ऐंशीवर. बाईंनी डबा मागवला, चष्मा लावून वाचला आणि मग मला जे सुनावलं ते ऐकायला तू हवी होतीस. त्यांचं म्हणणं असं, की अक्षयचं शास्त्र खोटं नाही. नसा सैल होतात हे खरं, बिटाने काहींचं बीपी थोडं उतरतं, दमही थोडा टिकतो. पण थोडा. आणि बीपीच्या गोळीचंही काम तेच, तेव्हा दोन्ही एकदम घेतली तर नसा इतक्या सैल होतात की रक्त डोक्यापर्यंत चढत नाही. जिभेखालच्या गोळीवाल्यांनी तर लांबच राहावं, आणि ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय त्यांनी त्यातल्या एका द्रव्याला शिवूसुद्धा नये. (तुला सहा वर्षांपूर्वी आलेला मी मोजला, आक्का. तू "अ‍ॅसिडिटी होती" म्हणतेस, तो.) शिवाय डब्यात काय किती घातलंय ते घालणाराच जाणे. गुळण्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. बिटातल्या द्रव्याचं काम जिभेवरचे जंतू सुरू करतात, आणि मी रोज त्याच जंतूंचा निळ्या पाण्याने खून करत होतो.

मग त्यांनी विचारलं, पालेभाजी खाता का? बायजा कोपऱ्यातून नुसती खाकरली. बाई म्हणाल्या, माठ, मुळ्याचा पाला, पालक, यात तेच द्रव्य भरपूर असतं, रोज जेवणात असू द्या, डबा लागायचा नाही.

आक्का, माठ! मी तिथे टेबलावर उताणा पडलो होतो आणि मला हसू आवरेना. तू चौदाची, मी अकराचा. आईने पहाटे ओल्या फडक्यात बांधलेले लाल माठाचे भारे, डोक्यावर चुंबळ, पाय अनवाणी. माथेरानच्या हॉटेलवाल्यांना आपण चार वर्षं तो वायू डोक्यावरून वाहून पोचवला आणि ताजं एक पानही आपलं म्हणून खाल्लं नाही. उरलेला कोमेजलेला माठ रात्री तू लसणावर परतायचीस आणि मी तो गुपचूप शेळीला घालायचो. (ती शेळी चौदा वर्षं जगली. आता कळलं का.) छातीएवढ्या उंच दगडावर भारा टेकवून तू उभी राहायचीस, खाली बघत, मी येतोय का ते. शेवटच्या चढणीला माझा भारा तू तुझ्या भाऱ्यावर चढवायचीस आणि घरी आल्यावर आईला सांगायचीस, "कोंडानं सगळा नेला." एक दिवस नाही, चार वर्षं. मी कधी तोंड उघडलं नाही. आईला मी कर्तबगार वाटत राहिलो आणि मला ते आवडत राहिलं. त्याची आज लाज वाटते, आणि ते दिवस पुन्हा यावेत असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

तर आता माझी तब्येत उत्तम आहे. डबा बंद, माठ सुरू. बाईंनी छातीला वायरी लावून ती लांब पट्टी काढली, त्यात विशेष काही नाही. काळजी करू नकोस. सुरभीला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुझा, वजनाने मोठा आणि वयाने धाकटा,
कोंडाजी

ता. क. पावडर शेणखतात टाक. म्हशीला घालू नकोस, तिचं बीपी आपल्याला माहीत नाही.

ता. क. २. पट्टीत विशेष काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. बाई म्हणाल्या, दम वर्षभर लागतोय तर वर्षभर काय करत होतात, ही तक्रार नसांची नाही, काळजाची आहे. येत्या गुरुवारी पनवेलला हातातून तार घालून बघणार आहेत. अडलेलं असलं तर तिथेच मोकळं करणार. त्या आधी कागदावर घरच्या माणसाची सही लागते. बायजा करेल म्हणते.

ता. क. ३. मी घाबरलेलो नाही असं बायजाला सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला मरायची भीती नाय. आक्कांना न सांगता मरायची हाय. बसा नि लिवा." म्हणून हे पत्र लिहायला बसलो, आणि तुझ्या डब्याचं निमित्त झालं. प्रीतमचा टेंपो गुरुवारी पहाटे कळंबहून निघतो, त्याला सांगून ठेवलंय. आठच्या आत पनवेलला पोच. आठनंतर आत घेतात, मग भेटू देत नाहीत.