माळवदच्या सासूबाईंना

ट्रॉय, मिशिगन
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय वल्लरी,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील अशी भीती होती, म्हणून पत्ता श्रीरंगकडून लिहून घेतलाय. नवऱ्याचं अक्षर इतकं वाईट असण्याचा पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला. कागदावर का लिहितेय, ते तुला ठाऊक आहे. आपल्या माळवद प्रकल्पाच्या यादीवरच्या मेल तू बंद करून टाकल्यास, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही लिहिलं तरी तुझ्याकडून दोन जोडलेले हात येतात. परवा दसऱ्यालाही तेच हात. अगं, मी काय शोकसभेचं निमंत्रण पाठवलं होतं?

आम्ही सगळे बरे आहोत. श्रीरंगचा गुडघा कुरकुरतो, पण तो आधीपासूनच कुरकुरणारा माणूस, त्यामुळे फारसा फरक कळत नाही. कुश शिकागोत नोकरीत रमलाय. फोन केला की ‘आई, कॅन आय कॉल यू बॅक?’ म्हणतो आणि करत नाही. इथे सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठायला लागलंय. तुमच्याकडे हर्नडनला अजून बरी हवा असेल.

पत्राचं मुख्य काम असं, की दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, अठरा तारखेला, नेहमीसारखी सकाळी दहाला नव्या आवृत्तीच्या रिलीजची बैठक आहे. तू यावंस. लिंक जुनीच आहे.

बदलांवरचा फ्रीझ घटस्थापनेलाच लागला. घट बसले की नवीन काही घ्यायचं नाही, आहे तेच दुरुस्त करायचं, हा तुझा नियम आम्ही अजून पाळतो. म्हणजे मी पाळते आणि बाकीच्यांना पाळायला लावते. ऐन अष्टमीला नकुलने फोटो बघायचा एक नवा प्रोग्रॅम हळूच आत सरकवला. पुण्याहून एम.एस.ला आलेला तोच नकुल, ज्याच्या बोलण्यातले ‘यार’ तू मोजायचीस. मी म्हटलं, ‘अरे, घट बसलेत!’ तर म्हणतो, ‘ताई, छोटासाच आहे यार, टेस्ट पण केलाय.’ तू असतीस तर त्याचं काय झालं असतं ते डोळ्यांसमोर आलं आणि मी एकटीच हसले.

या आवृत्तीचं नाव सालपापडी. पापडापासून सुरुवात केली होती आपण, मग कुरडई, सांडगे, बिबड्या, खारोड्या. पुढच्या आवृत्तीपर्यंत न बिघडता टिकलं पाहिजे, म्हणून नाव वाळवणाचंच हवं, हा हट्टही तुझा. आणि बार्शीच्या तुमच्या घराला मातीचं सपाट माळवद होतं, त्यावर वाळवण घालायचे, म्हणून आपल्या लिनक्सचं नाव माळवद. आता मागे वळून बघितलं की कळतं, या सगळ्या प्रकल्पावर तुझ्या माहेरचीच छाप आहे. माझं नाशिक त्यात कुठेच नाही, आणि मी कधी तक्रार केली नाही, याची नोंद घ्यावी.

परवा आमच्याकडे रीमा आली होती. इथेच जन्मलेली मुलगी आहे, घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. बेसमेंटमध्ये उतरली आणि जिन्याखालच्या फळीवरची माळवदची तिन्ही सर्व्हर मशीन बघून थबकली. ‘काकू, व्हॉट इज ऑल धिस?’ मी तिला समजावलं, की लिनक्सचा कच्चा माल जगभरच्या हजारो लोकांनी करून ठेवलेला असतो. तो आम्ही निवडतो, पाखडतो, एकमेकांशी जमतोय का बघतो आणि एका डब्यात भरून देतो, की लावला की कॉम्प्युटर मराठीत चालू. वर्षातून दोनदा नवा डबा, पाडव्याला आणि दिवाळीला. ती म्हणाली, ‘सो यू सेल इट?’ म्हटलं, नाही, फुकट वाटतो. ‘ओह,’ म्हणाली, आणि मग अगदी प्रेमाने, ‘काकू, घर दाखवायच्या दिवशी या मशीनचा आवाज बंद ठेवता येईल ना?’

तो आवाज गेली वीस वर्षं माझ्या घरात आहे. आता फ्रिज ऐकू येत नाही तसा तोही ऐकू येत नाही. पण ती गेल्यावर मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. तुला आठवतं, त्या पहिल्या हिवाळ्यात बाहेर ऊन नाही म्हणून तू मशीनच्या मागच्या गरम हवेत जुनी चादर पसरून सांडगे घातले होतेस? एकीकडे आपली आवृत्ती तयार होतेय आणि दुसरीकडे सांडगे वाळताहेत. आठवडाभर सर्व्हरला हिंगाचा वास. श्रीरंग म्हणाला होता, जगात तळून खाता येणारी ही एकच ऑपरेटिंग सिस्टीम. तेव्हा आपण दोघी नुकत्याच नोकरीला लागलो होतो, तुझी अपार्टमेंट दोन मिनिटांवर होती आणि तू बेल न वाजवता मागच्या दाराने यायचीस. फार चांगले दिवस होते गं. तेव्हा ते चांगले आहेत हे कळतही होतं, हे त्याहून चांगलं.

रीमाबद्दल लिहिलं, त्यावरून तू ओळखलंच असशील. घर विकतोय. श्रीरंगच्या कंपनीने त्याचा विभाग फ्रिस्कोला हलवला. टेक्सासात नवं घर बघितलंय, छान आहे, स्वयंपाकघर मोठं आहे, शेजारीपाजारी मराठी बोलणारे आहेत. फक्त तिकडच्या घरांना बेसमेंट नसतं.

चहा ठेवलाय. उरलेलं उद्या लिहिते.

सोमवार

कालचं पत्र टेबलावर तसंच होतं. आज कोजागिरी. दूध आटायला ठेवलंय आणि शेजारी बसून लिहितेय, म्हणजे दूध उतू गेलं तर दोष तुझा.

काल लिहिलेलं वाचून बघितलं. सगळं खरं आहे, पण जे लिहायला बसले होते ते त्यात नाही.

शनिवारच्या बैठकीत फक्त सालपापडीचा विषय नाही. सालपापडी बाहेर काढायची आणि त्यानंतर माळवद बंद करायचं, असा ठराव आहे. ठराव माझाच आहे.

मशीन फ्रिस्कोला न्यायचा विचार केला होता. गॅरेजमध्ये उन्हाळ्यात भट्टी असते, आणि घरात ठेवायची तर श्रीरंगच्या कपड्यांच्या कपाटात. भाड्याच्या मशीनवर हलवायचं तर ते सगळं नव्याने बसवायला कोणीतरी महिनोन् महिने द्यायला हवेत. नकुल नोकरी शोधतोय, व्हिसाची तलवार डोक्यावर, त्याला कुठल्या तोंडाने सांगू? विष्णूकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. आणि मी थकले आहे, हेही खोटं नाही. म्हणून एका संध्याकाळी मेल लिहिली. बरीच कारणं दिली, पटण्यासारखी. शेवटी ‘आपलं मत कळवावं’ असं लिहून पाठवून दिली आणि आता चांगलं आठवडाभर रणकंदन होणार म्हणून पदर खोचून बसले.

नकुलचं उत्तर लगेच आलं. ‘प्लस वन, ताई. यू डिझर्व्ह अ ब्रेक यार.’ विष्णूकाकांनी लिहिलं, ‘योग्य निर्णय. शुभाशीर्वाद.’ बाकीच्यांनी अंगठे वर केले. एकाने केकचं चित्र टाकलं. आम्ही जेवायला बसायच्या आत सगळं आटोपलं होतं.

वल्लरी, मला इतका राग आला! वीस वर्षांचं काम, आणि एकानेही विचारलं नाही, की बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सगळी माणसं चांगली आहेत, माझी काळजी करतात, म्हणून हो म्हणाली. मला ते कळतं. पण मी जेवताना रडले, आणि श्रीरंग म्हणाला, ‘मागे घे की ठराव.’ मागे घेऊन काय करू? मशीन त्याच्या कपाटात ठेवू?

आपली पहिली आवृत्ती अशीच गेली होती. ‘छान झालंय, मस्त झालंय’ म्हणत सगळ्यांनी सोडली, आणि इन्स्टॉलरने विष्णूकाकांच्या डिस्कवरचे त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पुसून टाकले. बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत, ‘होतं असं’ म्हणाले. तूच तेव्हा भडकून म्हणाली होतीस, ‘या घरात एक तरी सासू पाहिजे. सगळ्याच जावा झाल्या तर घर बुडेल.’ आणि दर आवृत्तीला एक सासूबाई नेमायची आपली पद्धत पडली. तिने फक्त खोट काढायची. तिने ‘बरं, जा’ म्हटल्याशिवाय आवृत्तीने उंबरा ओलांडायचा नाही. पुढे नियमावलीत घातलं ते तर अजूनच कडक. कुणाचाही एक ‘नाही’ आला की काम थांबतं, आणि जो ‘नाही’ म्हणेल त्याने बाह्या सरसावून ते काम स्वतः अंगावर घ्यायचं. आणि ठराव मांडणाऱ्याला स्वतःच्या ठरावाला ‘नाही’ म्हणता येत नाही. हे शेवटचं कलम तू माझी धरसोड बघून घातलंस, मला माहीत आहे.

मिरगुंड आवृत्तीच्या वेळचं या पत्रात काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते न काढता तुला ये म्हणणं म्हणजे दारातला हत्ती न बघता रांगोळी काढणं. तर थोडक्यात. बत्तीस-बिटच्या जुन्या कॉम्प्युटरवर माळवद चालणं बंद करायचं नाही म्हणून तू ‘नाही’ म्हणालीस, बार्शीच्या वाचनालयातले ते दोन जुने कॉम्प्युटर तुझ्या डोळ्यांसमोर होते. नियमाप्रमाणे काम एकटीने अंगावर घेतलंस. ते एकटीचं नव्हतंच, दिवाळी तोंडावर आली, आणि त्या वेळेपुरतं मी तुझ्या जागी नकुलला सासूबाई केलं. तो ‘बरं, जा’ म्हणाला. तू ‘तुमचं चालू द्या’ म्हणालीस आणि गेलीस. ते जुने कॉम्प्युटर सोडायलाच हवे होते, असं मला आजही वाटतं, आणि समोर आलीस तर तेच म्हणेन. पण त्या दिवसापासून माझ्याशी खरं भांडणारं कुणी उरलेलं नाही. नकुल अजून सासूबाई आहे. त्याच्यासारखी गोड सासू महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही, आणि तिचा कुणाला काही उपयोग नाही.

तुझं नाव अजून सदस्यांत आहे. वर्षभर काम नसेल तर ते जुन्या मंडळींच्या पानावर जातं, पण मी प्रत्येक आवृत्तीला तेवढं करायचं विसरते. मुद्दाम विसरते. त्यामुळे तुझा ‘नाही’ अजून चालतो.

तुझ्या घराला बेसमेंट आहे. मागे गणपतीला आलो होतो तेव्हा तिथे नुसत्या बॅगा आणि तुझ्या अहोंची न वापरलेली ट्रेडमिल होती. मशीन मी स्वतः गाडीत घालून हर्नडनला आणून देईन, श्रीरंग ड्राइव्ह करेल. यादी, फ्रीझ, लोकांच्या मागे लागणं, हे सगळं मी फ्रिस्कोहून करेन, तुला एकटीला सोडणार नाही. मागच्या वेळी सोडलं, तेवढं पुरे झालं.

मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

सगळं नीट बघून, मनापासून, बंदच करावं असं तुला वाटलं तर तसं सांग. तुझ्या तोंडचं ‘बरं, जा’ ऐकून मी मुकाट्याने मशीन बंद करीन. पण माझ्यावर दया येऊन हो म्हणू नकोस. दया करायला इथे सगळे आहेत. बैठकीत मी ठराव वाचून दाखवेन, ‘कुणाची हरकत?’ विचारेन, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबेन.

तुझ्या नकाराच्या आशेवर असलेली,
गिरिजा