सेमीपर्यंतचा कोच

१४ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा सेमी, पुन्हा हार. आपल्या कॉलेजच्या कबड्डीच्या पोरी सेमीपर्यंत अशा जातात की वाटावं यंदा कप आमगावलाच येणार. आणि सेमीत शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड. बिरसीची दुर्गा तेवढी चढाईला जात राहिली, तीही शेवटी पकडीत सापडली. हेमराज बाजूला हाताची घडी घालून उभा. कोच म्हणून ओरडणं नाही, शिव्या नाहीत. हरल्यावर पोरींना केळी वाटली.

"दम कमी पडला गा, दिलीप." एवढंच बोलला.

येताना गाडीत पोरी गाणी म्हणत होत्या आणि हा टाळ्या वाजवत होता. मला राग आला. कॉलेजात आम्ही दोघं एकाच टीममध्ये होतो. तेव्हाही हरल्यावर याला छान झोप लागायची आणि मी छताकडे बघत पडायचो.

दुकानात खताचा माल आला नाही. उद्या फोन.

६ नोव्हेंबर, बुधवार

कामठ्याकडे मंडईच्या जत्रेला गेलो. पाहुणे, झुले, भजी, रात्रीच्या नाटकाचा मंडप. आणि दुपारी कबड्डी. हेमराज तिथे असणारच होता. दिवाळी झाली की हा गावोगावच्या मंडया फिरतो, पुढच्या वर्षीच्या पोरी शोधत. कॉलेजची संस्था त्याला मानधन देते ते आठ-नऊ महिन्यांचं. हे फिरणं पदरचं.

चहा घेताना विचारलं, दरवर्षी दम कमीच का पडतो? आधी हसला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "धानाच्या रोवणीत मी प्रॅक्टिस बंदच ठेवतो. कॉलेजात सांगतो का ग्राउंड ओलं आहे. बापाईसंग तसा ठरवूनच घेतलो आहो. रोवणीभर पोरगी तुमची, बाकी सालभर माही. मंग कोनी बाप आडवा येत नाई."

"आणि दम?"

"तो तितच जाते ना. ऐन टायमाले सुट्टी पडते." मग म्हणाला, "तुले सांगून राहिलो. कोनाले सांगू नोको."

मी म्हटलं, मी कशाला सांगतो.

१० डिसेंबर, मंगळवार

संस्थेची मीटिंग. छताची गळती, नॅकचं काम, मग खेळ. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हर साल सेमी. आदमी अच्छा है, मैं कब मना कर रहा हूँ? पर अच्छे से आगे भी तो कुछ होता है. कब तक सेमी-सेमी खेलेंगे?" प्राचार्य म्हणाले, प्रामाणिक माणूस आहे, पोरी सुरक्षित असतात, पोलीस भरतीत दरवर्षी दोन-तीन लागतात. अध्यक्ष म्हणाले, वो सब ठीक. मग माझ्याकडे वळले. सहसचिव आहात, जुने कॅप्टन आहात, तुम्हीच सांगा, कमी कुठे पडतं?

सगळे माझ्याकडे बघत होते. चांगलं वाटलं, खोटं कशाला लिहू. आणि मी सांगितलं. रोवणीचं, ओल्या ग्राउंडचं, सगळं. अगदी मुद्देसूद.

नंतर कोणाला फार बोलावं लागलं नाही. या सत्रानंतर मानधनाचं नूतनीकरण नाही. नागपूरहून कोच बघायचा. प्राचार्यांनी हेमराजला कळवावं.

घरी सौ.ला सांगितलं. म्हणालो, मी फक्त मुद्दा मांडला. ती पोळ्या लाटत होती. "मुद्दा तुमच्या मीटिंगमध्ये म्हणत असतील. आमच्याकडे याला चुगली म्हणतात."

जेवलो नाही नीट.

१२ डिसेंबर, गुरुवार

मी चूक बोललो का? रोवणी बंद असते हे खरं. त्यामुळे दम जातो हे त्याचंच म्हणणं. कॉलेजचा कोच कॉलेजला ओलं ग्राउंड सांगतो हे काही बरोबर नाही. सगळं खरं आहे. तरी दिवसभर कोणी शटरपाशी आलं की वाटे, तोच आला.

२ जानेवारी, गुरुवार

आला. गिऱ्हाईक होतं म्हणून बाकावर बसून राहिला, पेपर वाचत. मोकळा झालो तेव्हा म्हणाला, "सायबानं बोलावून सांगतलन. एप्रिलपासून नाई."

मी म्हटलं, हो, कळलं.

"तू होता ना मिटिंगमंधी? माह्यासाठी बोल्ला असशील. तू नसता तं आताच काहाडले असते."

इथे थांबवायला हवं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आला तो "चहा घेतो का?" असा.

घेतला. दोन कप. पोरींच्या परीक्षेचं बोलत बसला, कोणीतरी दुर्गाला इंग्रजी समजावून द्या म्हणाला. मी मान हलवत होतो. तो गेल्यावर एका माणसाला चुकून फवारणीचं दुसरंच औषध दिलं. तो परत आला म्हणून बरं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गोंदियात चौकात अडवलं, हेल्मेट नाही म्हणून. वर्दीतली पोरगी जवळ आली आणि हसली. "दिलीपभाऊ, तुमीच का?" कबड्डीवाली निघाली, चार-पाच वर्षांमागची. टीममध्ये कायम राखीव. हेमराज तिला दर मॅचला शेवटी उतरवायचा आणि मी वैतागायचो. आता पोलिसात. चालान केलं नाही. म्हणाली, "सराले काहाडून राहिले म्हनते? कायले जी? कोन बोल्ला त्याईच्या इरोधात?"

मला माहीत नाही, म्हटलं.

त्यापेक्षा चालान परवडलं असतं.

१७ जून, मंगळवार

नवा कोच आला. नागपूरचा, अंकुश नाव, तिशीचाही नसेल. मनात खोट काढायची तयारी करून गेलो होतो, ते जमलं नाही. नम्र आहे. पोरींना स्वतःचं पाणी स्वतः भरायला लावतो, स्वतःही भरतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकीची धाव मोजली, कोणती कुठे थकते ते लिहून घेतलं. जुलै-ऑगस्ट निवासी शिबिर, हॉस्टेलवर.

मी विचारलं, "रोवणीचं काय?"

"सर, रोवणी तर दरवर्षीच असते."

तेही खरंच आहे म्हणा.

१९ जुलै, शनिवार

दुकानात उभं राहायला जागा नाही. पाऊस चांगला आहे, धानाचे पऱ्हे रोवायला तयार, सगळ्यांना आजच खत हवं. दुर्गाचा बाप तेजराम आला. दुर्गा बाहेर मोटरसायकलपाशी उभी, पायाला पोटरीपर्यंत चिखल. माझ्याकडे बघितलं नाही.

तेजराम म्हणाला, "तुमचा कोच म्हनते, शिबिराले नाई आली तं नाव काटतो. म्या म्हनलो, काट. बायाईले रोजी देऊन बी बाया भेटून नाई राहिल्या, अन् घरची पोरगी कबड्डीले ठेऊ? हेमराज सर होते तवा असा काई नव्हता. काऊन काहाडले सराले?"

"संस्थेचा निर्णय आहे."

"संस्थेत तं तुमी बी आहा ना, दिलीपभाऊ."

मागून कोणीतरी म्हणालं, युरिया द्या हो लवकर. त्याचे उपकार.

रात्री प्राचार्यांना फोन. दुर्गा धरून पाच पोरींची नावं काटली. एकीचं तर लग्न ठरतंय म्हणे. घरी बसली की ठरतंच.

११ ऑगस्ट, सोमवार

अध्यक्षांनी बोलावलं. "वो बिरसीवाली को वापस लाओ. कोच बोलता है बाकी सब तैयार है, रेडर वही एक है." तेजराम ऐकणार नाही, म्हटलं. नाव काटल्याचा राग आहे, आणि पोरगी हॉस्टेलवर ठेवायला तयार नाही. "किसकी सुनता है?" मग अध्यक्षच म्हणाले, "तुम्हारे दोस्त की सुनेगा. बोलो उसको."

जराही वाईट वाटलं नाही त्यांना. आणि मी 'बघतो' म्हणून उठलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हेमराजकडे गेलो. रोवणी उरकली होती, धानाच्या बांधीतलं पाणी बघत शेताच्या धुऱ्यावर उभा होता. वाळला आहे. सगळं सांगितलं, अर्धं खाली बघून. ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पोरीले खेलाचा आहे का?"

आहे, म्हटलं. मला काय माहीत, पण म्हटलं.

"मंग चाल."

तसाच चिखलाच्या पायांनी माझ्या गाडीवर बसला. बिरसीला तेजरामच्या अंगणात खाटेवर बसलो. वरून बिरसीच्या विमानतळाची शिकाऊ विमानं घरघरत होती, ती गेली की बोलायचं आणि आली की थांबायचं, असं चाललं होतं. हेमराज म्हणाला, "तुही रोवणी झाली. आता पोरगी दे. नवा सर माह्यापेक्षा चांगला शिकवते, म्या पाह्यलो. हॉस्टेलात बाई आहे रातच्याले. पोरीचा साल खराब नोको करू."

पाह्यलो म्हणाला. म्हणजे कुंपणापाशी येऊन बघून गेलेला आहे. आम्हाला कोणालाच माहीत नाही.

तेजराम म्हणाला, "तुमी म्हनता तं पाठवतो, सर." दुर्गा दारामागे होती, तिथूनच आत पळाली.

परतताना सांगायचं ठरवलं होतं. कामठ्याजवळ गाडी हळूही केली. तो मागून बोलत होता, दुर्गाचा डावा गुडघा कच्चा आहे, पट्टी बांधून खेळव म्हणाव त्या पोराला, ती स्वतः सांगत नाही. त्याचं संपेपर्यंत त्याचं गाव आलं.

काय माणूस आहे मी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जिंकलो. सेमी आणि फायनल, दोन्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या पोरी धापा टाकत होत्या आणि आपल्या टवटवीत. शेवटच्या चढाईत दुर्गाने दोघींना बाद केलं. डाव्या गुडघ्याला पट्टी. मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, या वयात. आनंद झाला, खूप झाला. तो खाली उतरेपर्यंतच टिकला.

दम अंकुशचा, हे मान्यच करायला हवं. चढाई हेमराजची. आणि ज्या चार पोरी परत आल्या नाहीत त्या कोणाच्या हिशेबात धरायच्या, ते मला...

११ ऑक्टोबर, शनिवार

स्टेशनसमोर फ्लेक्स लागला. अध्यक्ष, प्राचार्य, कोच, टीम. कोपऱ्यात मीसुद्धा, हात जोडून. हेमराजचं नाव घाला असं प्राचार्यांना म्हणालो होतो. ते म्हणाले, आता कशात बसवायचं? मीही पुढे रेटलं नाही. सौ.ने फ्लेक्स बघितला. "फोटो चांगला आलाय तुमचा," म्हणाली आणि भाजीवाल्याकडे वळली.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी हेमराजचा फोन. खुश होता. दुर्गाने रडत रडत फोन केला म्हणे. सगळी मॅच माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली, कोणती पकड कोणी केली, शेवटी कोणाला उतरवलं. मग म्हणाला, "एक सांग, दिलीप. खरं सांगजो. मी असतो तं जिंकल्या असत्या का गा पोरी?"

"जिंकल्या असत्या," मी म्हटलं.

तो हळूच हसला.

"तुले खोटं बोलता येत नाई गा. मिटिंगमंधी बी खरंच बोल्ला असशील तू."

मग तोच म्हणाला, "संध्याकाळी येतो दुकानात," आणि फोन ठेवला.

साडेसहा वाजले. रविवार, गिऱ्हाईक नाही. सौ.चा फोन आला, शटर ओढा आणि या. थोडं थांबतो म्हटलं. समोरच्या चहावाल्याला दोन चहा सांगून ठेवलेत, हेमराज आला की पाठव म्हणून.