निघताना दिलेली छत्री

तीर्थस्वरूप ताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा कमरेतून वाकून नमस्कार. (वाकलो की उसण भरते, तरी वाकलो. नोंद घ्यावी.) इकडे सगळं क्षेम आहे, तिकडेही असावं. मुख्यतः तुमच्या गुडघ्याची चौकशी करावी म्हणून हे पत्र. ऑपरेशननंतर आता कसा आहे? जिना चढता येतो का? येत असला तरी कृपा करून घाई करू नका, गुडघ्याला घाई सोसत नाही. तुमची बहीण तुमच्या मदतीला आठ दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आज एकेचाळीस दिवस झाले (मी मोजत बसलेलो नाही, कामाच्या टेबलासमोरच कॅलेंडर आहे, नजर जाते), पण तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. हवे तितके दिवस ठेवून घ्या. माझं उत्तम चाललंय. चहा मला करता येतो, झाडांना पाणी घालतो, आणि घरात शांतता इतकी आहे की फ्रिज घुरघुरला की मी "आलो, आलो" म्हणतो. निघताना मी हिच्या हातात आठवणीने छत्री दिली होती, ती नीट पोचली असेलच. नवरा किती काळजी करणारा आहे, हे त्या छत्रीवरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन हीच उचलते. मग ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. ती म्हणते, ठेवू? मी म्हणतो, ठेव. एवढ्यात गुडघ्याची चौकशी बसत नाही. शिवाय आज जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेलो तर माझी बोबडी वळेल. तुम्ही वयाने मोठ्या, मानाने मोठ्या, आणि विषय असा की तो मोठ्यांसमोर काढू नये. पण दुसरं कुणी ऐकून घेणारं नाही, तेव्हा वाचताना अवघड वाटलं तर चष्मा काढून वाचा.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. लग्नात तुम्हीच मला 'कवळीसम्राट' असं नाव ठेवलं होतंत आणि तुमच्या सगळ्या मावश्यांनी ते लगेच उचललं होतं. दाताच्या डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर माणसांची तोंडं बघतात, मी खाली मागच्या खोलीत त्या तोंडांचे साचे बघतो. त्या माप पाठवतात, मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो आणि वर पाठवून देतो. सव्वीस वर्षांत गिऱ्हाईक माझ्या खोलीत फारसं आलं नाही, आणि ते बरंच होतं, कारण मला जबडे कळतात, माणसं तितकीशी कळत नाहीत. (हे वाक्य तुमची बहीण पूर्वीपासून म्हणत आली आहे. मला ते गेल्या आठवड्यात पटलं.)

तर झालं असं की एक निवृत्त टेलरकाका आहेत. वय बहात्तर, बांधा सडपातळ, सदऱ्याची कॉलर अशी कडक की बघणाऱ्यानेच मान सरळ करावी. त्यांना वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या करून दिल्या. आठवड्याने आले, म्हणाले, बाकी झकास आहे, पण कुठेतरी ओढतंय. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही सापडेना. पुन्हा आले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी हात टेकले आणि त्यांना सरळ माझ्याकडे खाली पाठवून दिलं. मी माझ्या सगळ्या परीक्षा घेतल्या. सफरचंद चावायला लावलं, साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावले, शीळ वाजवायला लावली, दोन कवळ्यांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं (दात जिथे जास्त टेकतो तिथे निळा डाग उमटतो, मग तेवढंच घासायचं). सगळ्यात काका पहिल्या वर्गात पास. तरी म्हणतात, खांद्यात बरोबर बसलंय हो, पण गळ्याशी ओढतंय. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करताना? तर हा बहात्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, असंच, येता-जाता.

येता-जाता! आता येता-जाता माणूस कवळीने काय करतो? मी समजलो, रस्त्याने चालताना काहीतरी चघळत असतील. मग मी त्यांना खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या, चालताना हनुवटीला हात लावून बघितलं, आणि आपल्याला फार मोठा शोध लागल्याच्या थाटात खालची कवळी घासली. पुढच्या खेपेला आणखी घासली. ती बिचारी इतकी पातळ झाली की उजेडात धरली तर पलीकडचं कॅलेंडर दिसेल. मला माझा राग आला, मग काकांचा आला. सव्वीस वर्षं नाव कमावलं आणि एका टेलरने माप काढावं, म्हणजे काय!

सहाव्या खेपेला त्यांच्याबरोबर काकू आल्या. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे आवाज स्वच्छ आणि वाक्यं छोटी. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "हे चव्वेचाळीस वर्षं घरातून बाहेर पडताना माझा मुका घेतात. नवे दात आल्यापासून खट् असा आवाज होतो. मला हसू येतं. मी हसले की यांना राग येतो. गेले बारा दिवस हे मागच्या दाराने बाहेर पडतात. ते दार मला बंद करून हवंय."

ताई, शब्दाबद्दल माफ करा. चुंबन म्हटलं की कुणीतरी भाषण करतंय असं वाटतं, पापा म्हटला की पाळण्यातलं मूल डोळ्यासमोर येतं, म्हणून मी काकूंचाच शब्द ठेवतो. काका तर टेबलाखाली शिरायच्या बेतात होते. आणि मी? मला आधी लाज वाटली आणि लगेच इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. दात म्हणजे चावायला, बोलायला आणि फोटोत हसायला, एवढंच मला शिकवलं होतं. चौथं काम कुणी सांगितलंच नव्हतं, आणि या माणसाला तेवढंच काम महत्त्वाचं होतं. जेवताना दुखलं असतं तर त्याने सोसलं असतं. याच्यासाठी मात्र तो सहा खेपा घालून, माझे शेरे ऐकून, खोलीभर फेऱ्या मारून गेला.

दोष खालच्या कवळीत नव्हताच. वरचे पुढचे दात मी जरा रुबाबात पुढे बसवले होते, ओठ टेकायच्या आधी तेच टेकत होते. मी दात मागे घेतले. आता परीक्षा कशी घ्यायची? सवयीने मी निळा कागद पुढे केला आणि म्हणालो, मध्ये हा धरा, म्हणजे कुठे लागतं ते कळेल. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की कागद आपोआप खिशात गेला. चव्वेचाळीस वर्षांत आमच्यामध्ये कागद आला नाही, म्हणाल्या, तुम्ही तिकडे तोंड करा. मी भिंतीकडे तोंड केलं. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे, ओळीने, सगळे दात विचकून. मागून आवाज आला, खट्. वळलो, घासलं, पुन्हा भिंतीकडे. टक्. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा काहीच आवाज नाही. मी वाट बघतोय. वेळ जावा म्हणून जबडे मोजले. तेवीस भरले. दुसऱ्यांदा मोजले, तेवीसच. मग मागून काकू म्हणाल्या, लाइन क्लिअर आहे. वळून बघतो तर काका सदऱ्याची कॉलर नीट करताहेत आणि माणूस साठीचा दिसतोय.

मग चहा मागवला आणि मी त्यांना विचारून घेतलं. म्हटलं, काका, इतक्या वर्षांत भांडण झालं नाही? म्हणाले, भरपूर. एकदा पडद्याच्या कापडावरून नऊ दिवस अबोला होता. मग तेव्हा? तेव्हाही घेतला, म्हणाले, भांडण वेगळं, हे वेगळं. नऊ दिवस एक अक्षर न बोलता दारात रोज मुका, आणि नवव्या दिवशी दोघांनाही हसू फुटलं, पडदा राहिला बाजूला. काकू म्हणाल्या, बोलण्यात माणूस खोटं बोलतो, मी नोकरीभर ऐकलंय; पण दारातल्या त्या दोन क्षणांत खोटं चालत नाही. राग असला तर कळतो, काळजी असली तर कळते, ताप असला तर थर्मामीटर लागत नाही. ताई, मला हे सगळं इतकं पटलं की मी चहात बिस्किट बुडवून विसरलो.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. आमचंही होतं की, पहिली काही वर्षं. ही शाळेत शिकवायला निघाली की मागच्या खोलीत डोकवायची, मी तोंडावरचा मास्क खाली करायचो. मग एकदा मी म्हणालो, थांब, हात भरलेत. प्लास्टरने खरंच भरले होते. ती थांबली. ते 'थांब' अकरा वर्षं चाललं. मुका घ्यायला हात लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आणि आता लिहितोच आहे तर त्या छत्रीचंही लिहितो. तुमच्याकडे निघाली त्या दिवशी ही बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी एक कवळी घासत होतो. ती उभीच. मी विचारलं, काय राहिलं? ती म्हणाली, काही नाही, पण हलेना. तेवीस जबडे मोजून व्हावेत इतका वेळ ती उभी होती, ताई, आणि गालही जरा पुढे केला होता. मला वाटलं, बाहेरचं आभाळ बघतेय. म्हणून मी उठलो आणि खुंटीवरची छत्री काढून तिच्या हातात दिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला जपा, साडूंना नमस्कार सांगा. हिला सांगा, झाडं जिवंत आहेत.

आपला,
कवळीसम्राट

ता. क. गुडघ्याची घाई करू नका असं वर लिहिलंय ते खोटं आहे. घाई करा. परवा साडू बोलता बोलता सांगून गेले की तुम्ही तीन आठवड्यांपासून रोज तळ्याला दोन चकरा मारता. म्हणजे ही गुडघ्यासाठी थांबलेली नाही. हे कळल्यापासून मला घास गोड लागत नाही. तिला परत पाठवा, असं म्हणायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. पत्र तिला वाचून दाखवू नका. (विसरल्यासारखं करून टेबलावर ठेवलंत तर माझी हरकत नाही.)

ता. क. ३. मिशी काढली. काकूंना मत विचारलं. म्हणाल्या, आता रस्ता मोकळा झाला.

ता. क. ४. हे पेन्सिलीने लिहितोय, अक्षराला हसू नका. तिला पाठवा म्हणणं म्हणजे पुन्हा तिलाच दारात उभं करणं, हे बसमध्ये लक्षात आलं. होय, बसमध्ये. पत्र टपालात टाकलं नाही, मीच घेऊन आलोय आणि तुमच्या जिन्यात उभा आहे. हात धुतलेत. आता पाकीट दाराखालून सरकवून घंटा वाजवतो. दार तिला उघडू द्या. तुम्ही आणि साडू जरा भिंतीकडे तोंड करा. मोजायला काही हवं असेल तर मी हिला दिलेल्या त्या छत्रीच्या काड्या मोजा, आठ आहेत. आठ झाल्या म्हणून लगेच वळू नका, पुन्हा पहिल्यापासून मोजा.