पन्नास शेअर्सचा मालक

१ जुलै
आज मी मालक झालो. सही केली, पेढा खाल्ला. अविनाशशेठनी डाळ मिलच्या सगळ्या कामगारांना शेअर्स दिले. मला पन्नास. शेठ म्हणाले, आजपासून मिल तुमचीच, मालकासारखे वागा. बाकीच्यांना अर्थ कळला नसेल. मला कळला.
घरी बायकोला, रुख्मिणीला सांगितलं. ती मिलमध्येच डाळ निवडते. म्हणाली, मलेबी पन्नास भेटले. तिचे शेअर्स वेगळ्या प्रकारचे असावेत. चौकशी करणे.

२ जुलै
शेठ अकराला येतात. मालकाने सकाळी आठला वजनकाट्यावर हजर राहणं शोभत नाही. अकराला गेलो. पोत्यांची रांग फाटकापर्यंत. मशीनवरचा पोरगा प्रसेनजित मशीन सोडून माझा काटा सांभाळत होता. डेलिगेशन म्हणतात ते हेच.

५ जुलै
हात मागे बांधून मिलची पाहणी. पुष्पाबाई वीस वर्षं डाळ निवडतात. त्यांना खडे नीट वेचायची सूचना केली. त्या म्हणाल्या, काऊन हो शेषराव, काट्यावर कोन हाये? प्रश्न चांगला होता. पुढे गेलो.

११ जुलै
नोटीस लागली! कामगारांतून एक प्रतिनिधी निवडायचा. त्याला शेठच्या केबिनमध्ये, मीटिंगला खुर्ची. मतदान २० तारखेला, आठ ते दहा.
बारा वर्षं काट्याच्या स्टुलावर काढली. पाठीचा भुगा झाला. या मिलमध्ये मला कुणी 'बसा' म्हटलेलं आठवत नाही. ही खुर्ची मला फार हवी आहे. लगेच नाव दिलं.
समोर उभ्या कोण, तर पुष्पाबाई. हसू आलं.

१५ जुलै
प्रचार करणार नाही. मालक मतं मागत फिरत नाही. फक्त प्रसेनजितला पंख्याचं आश्वासन दिलं. म्हणाला, भाऊ, पंखा राहू द्या, तुम्ही आठले येत जा. या पोराला धंद्यातलं काही कळत नाही.

१९ जुलै
मलकापुरातून नवा शर्ट आणला. आभाराचं भाषण लिहिलं, दोन पानं. रुख्मिणीचं मत धरूनच चाललो आहे.

२० जुलै, दुपारी
भाषण खिशात घालून ठरल्याप्रमाणे अकराला पोचलो. मतदान दहाला संपलं होतं. फळ्यावर निकाल: पुष्पाबाई एकतीस, शेषराव शून्य.
माझं मत पडलंच नाही, ही तांत्रिक अडचण. पण आम्ही एकूण बत्तीस. म्हणजे रुख्मिणी?
विचारलं. म्हणाली, तुम्हीच म्हनले ना, मिल आपली हाये. मंग आपल्याच मिलीचं वाटोळं करू काय?
जेवलो नाही. तिने आग्रहही केला नाही.

२२ जुलै
आठला हजर. मस्टरवर सही.
पुष्पाबाईंची पहिली मीटिंग झाली. त्यांनी एकच मागणी केली म्हणे: काट्यावरच्या माणसाला पाठ टेकायला खुर्ची द्या. दुपारी खुर्ची आली. हातांची, गादीवाली. पुष्पाबाई स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, बसा शेषराव.
बसलो. आभार मानायचे होते. भाषण खिशातच राहिलं. पुढचं पोतं काट्यावर घेतलं.