पुडीवरचा केस

बाबा, तुम्ही गेलात आणि तुमच्या जागेवर मला घेतलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. नववीत शाळा सुटली ती त्यासाठीच. डिचोलीच्या त्याच खाणीवर, त्याच पत्र्याच्या प्रयोगशाळेत मी खनिजाचे नमुने करतो. ढीग पसरायचा, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा चार वाटे. शेवटी मूठभर उरेल ते भट्टीत सुकवून, कुटून, पुड्यांत बांधायचं. एक पुडी आपल्या तपासणीला, दुसरी मुरगाव बंदरावरच्या तपासणीला. तुम्हाला हे सांगायला नको, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय सुचत नाही.

तुम्ही जेवायला बसायचात तेव्हा पहिला घास घेण्याआधी आईला विचारायचात, आज घरात कोण कोण आलं होतं. खाणीवर कोणीतरी तुमच्या पुड्यांना हात लावतं, असंही म्हणायचात. मी एकदा कंपासपेटी शेजाऱ्यांकडे विसरून आलो, तर तुम्ही ताटावरून उठलात. ‘‘आपल्या वस्तूक दुसऱ्याचो हात लागूक नये. लागलो की ती आपली रवना नाय,’’ एवढंच म्हणालात. मला ते वाक्य फार मोठं वाटलं होतं.

गेल्या हंगामात आमच्यातला एक माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. तिघांचं काम दोघांवर आलं, आणि पावसाआधी बोटींवर बोटी लागलेल्या. त्यात खनिजाची प्रत मुरगावच्या तपासणीत आमच्यापेक्षा कमी येऊ लागली. साहेबांनी मला सगळ्यांसमोर बोलावून विचारलं, बापाचं नाव राखायचं आहे की घालवायचं. त्या दिवसापासून झोप गेली. बसमधून अर्ध्या वाटेवर उतरून कुलूप बघायला परत गेलोय. डॉक्टरांनी पंधरा दिवस रजा घ्यायला सांगितलं. पण रजेत माझ्या टेबलावर दुसरा कोणी बसेल, म्हणून घेतली नाही.

दुसरा म्हणजे आम्हा दोघांतला तो मडगावकडचा, तुमच्याच वयाचा. भाषेच्या आंदोलनात तो त्यांच्या कोंकणीच्या मोर्चात होता, मी आपल्या मराठीच्या. गोव्याचं राज्य झालं, मोर्चे संपले, तरी आम्ही चहा पाठीला पाठ लावूनच पितो. मी आत आलो की तो गुणगुणायचं थांबवतो. का थांबवावं? मी प्रत्येक पुडीच्या गाठीत माझ्या डोक्याचा एक केस अडकवू लागलो. दुसऱ्या दिवशी केस नाही. एकदा नाही, तीनदा.

तक्रार मी चार वेळा नीट उतरवून काढली आणि साहेबांना दिली. आठवड्याच्या आत त्याला मुरगावच्या धक्क्यावर पाठवलं, उन्हात उभं राहायच्या कामावर. जाताना तो माझ्या टेबलाशी आला. मी पुड्यांवर हात ठेवला. तो म्हणाला, ‘‘पुडी तूंच सोडटा मरे. सकाळीं एकदां, जेवणाउपरांत एकदां. हांवें पळयलां.’’

मी विचारलं, बघितलंस तर मग साहेबांना का नाही सांगितलंस.

‘‘तुजी नोकरी गेल्ली आसती,’’ तो म्हणाला, आणि डबा उचलून गेला.

मला वाटलं, हीही त्याची एक चाल. त्याच्या जाण्याने प्रत सुधारेल, मग बघू. पण प्रत कमीच येत राहिली, आणि परवा दुपारी चहाची घंटा झाली तेव्हा मुरगावची पुडी माझ्या हातात उघडी होती. कधी सोडली ते आठवेना. केस माझ्याच बोटाला चिकटलेला. सुकी पूड उघडी पडली की नदीवरची हवा ओढून घेते, वजनात ओल येते आणि प्रत उतरते, हे प्रयोगशाळेतल्या नव्या माणसालाही ठाऊक असतं. मी ती नीट आहे ना हे बघून बघून बिघडवत होतो, साहेब बोलले त्याच्याही आधीपासून असेल.

बाबा, तुमच्या पुड्यांना खरंच कोणी हात लावत होतं का? हे मला आधी विचारायचं होतं.

काल साहेबांनी विचारलं, तो गेल्यापासून निदान डोक्याला शांतता आहे ना? मी हो म्हणालो. तुम्हाला एवढं सगळं लिहिता आलं, कारण हे कुठेच पोचणार नाही. मुरगावच्या धक्क्याचा पत्ता मात्र मला पाठ आहे.