कॉलरच्या आकाराचा अर्ज

दादा,

तू गेलास त्याला वर्ष झालं, तरी तुझ्या शिलाई मशीनवर मी अजून बसत नाही. आज एक कबूल करून टाकतो.

करवाढीविरुद्धचा तुझा अर्ज मी कचेरीत दिलाच नव्हता. ‘सरकार कुणाचं ऐकतंय!’ म्हणत खणात टाकला आणि तुला ठोकून दिलं, देऊन आलो म्हणून. सुनावणीची वाट बघत अंथरुणातून तू रोज विचारायचास, “बोलावणं आलं का रे?” मी म्हणायचो, “येईल.” तू गेल्यावर, कागद चांगला जाड आहे म्हणून, त्याचाच कॉलरचा साचा कापला.

तुझं अक्षर त्यावर तसंच आहे. ‘मंदीत लोक नवा शर्ट शिवत नाहीत, जुन्याचीच कॉलर बदलून नेतात. त्यात कर वाढवलात, तर आम्ही काय बदलायचं?’ वर्षभर दुकानात दुसरं कामच नाही. प्रत्येक कॉलर कापताना ते वाचतो, आणि पाठीमागून तू विचारतोस, “बोलावणं आलं का रे?”

यंदा पुन्हा कर वाढतोय. सकाळी तोच साचा घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हा अर्ज आहे की कॉलर?”

“दोन्ही.”

त्या हसल्या नाहीत. नीट वाचला, शिक्का मारला. “बुधवारी अकराला सुनावणी. ज्याचा अर्ज, त्यानेच यायचं. अर्जदार येतील ना?”

माझ्या तोंडून सवयीने गेलं, “येईल.”

बोलावणं आलंय, दादा. आता तरी विचारू नकोस.

तुझा,
धाकटा